मेंदूतली पट्टकृमीची गाठ आणि स्कॅन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी रेडिओलॉजिस्ट आहे. सीटी आणि एमआरआय वाचणं हे माझं रोजचं काम. फिट येऊन गेलेला रुग्ण, हातात रिपोर्टचं पाकीट आणि त्यात ‘न्यूरोसिस्टिसर्कोसिस’ हा जीभ अडखळवणारा शब्द, असं चित्र मी अनेकदा पाहतो. त्यानंतर जे प्रश्न विचारले जातात तेच इथे एकत्र केले आहेत. काही समोर बसून विचारलेले आहेत, काही रात्री अकरा वाजता रिपोर्टचा फोटो पाठवून. प्रश्नांची भाषा शक्य तितकी विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. उत्तरं समजून घेण्यासाठी आहेत. गोळी सुरू करणं किंवा बंद करणं तुमच्या न्यूरोलॉजिस्टना विचारूनच.

१. रिपोर्टमध्ये न्यूरोसिस्टिसर्कोसिस लिहिलंय. म्हणजे नेमकं काय झालंय?

डुकरात आणि माणसात वाढणाऱ्या ‘टिनिया सोलियम’ या पट्टकृमीची अळी मेंदूत जाऊन बसली आहे. ती तिथे हिंडत नाही आणि मेंदू कुरतडतही नाही. रक्तातून येऊन एका जागी थांबते आणि स्वतःभोवती पाण्याने भरलेली पातळ पिशवी तयार करते. ही पिशवी साधारण ५ ते २० मिलिमीटरची असते, म्हणजे हरभऱ्याच्या दाण्यापासून लहान द्राक्षाएवढी. आत अळीचं डोकं असतं, त्याला स्कोलेक्स म्हणतात. रिपोर्टमध्ये आणि डॉक्टरांच्या बोलण्यात या आजाराला ‘एनसीसी’ असंही म्हणतात.

हा कर्करोग नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, जिथे हा कृमी रुळलेला आहे अशा बऱ्याच भागांत अपस्माराच्या सुमारे ३० टक्के रुग्णांमध्ये हे कारण सापडतं. भारत अशाच देशांत मोडतो.

२. आम्ही माळकरी आहोत. घरात कधी अंडंसुद्धा शिजलं नाही. मग डुकराचा जंत आमच्या मुलाच्या डोक्यात कसा?

हा प्रश्न मला सर्वात जास्त वेळा विचारला जातो, आणि त्यात दुखावलेपणही असतं. म्हणून सविस्तर सांगतो.

या कृमीचे माणसात येण्याचे दोन वेगळे रस्ते आहेत. अळ्या असलेलं डुकराचं मांस कच्चं राहून पोटात गेलं, तर आतड्यात लांब पट्टकृमी वाढतो. तो दोन ते सात मीटरपर्यंत वाढू शकतो, पण राहतो आतड्यातच. १८५५ साली जर्मनीत क्युखेनमाइस्टर नावाच्या डॉक्टरने फाशीची शिक्षा झालेल्या कैद्याला अळ्या असलेलं मांस खाऊ घातलं आणि मृत्यूनंतर त्याच्या आतड्यात वाढू लागलेले पट्टकृमी दाखवले. प्रयोग आज कोणालाही मान्य होणार नाही, पण पहिला रस्ता त्यातून सिद्ध झाला.

मेंदूतली गाठ दुसऱ्या रस्त्याने येते. आतड्यात पट्टकृमी असलेल्या माणसाच्या शौचातून हजारो अंडी बाहेर पडतात. ती माती, पाणी, भाजी किंवा न धुतलेल्या हातांमार्फत दुसऱ्याच्या तोंडात जातात. अंड्यातून निघालेली अळी आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरते आणि मेंदूत, स्नायूंत किंवा डोळ्यात पोहोचते. या रस्त्यावर मांस कुठेच येत नाही.

१९९२ साली न्यूयॉर्कच्या ऑर्थोडॉक्स ज्यू समाजातल्या अशा रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. डुकराचं मांस त्यांना धर्मानेच वर्ज्य. लागणीचा संशय घरकामाला असलेल्या, लॅटिन अमेरिकेतून आलेल्या माणसांच्या आतड्यातल्या पट्टकृमीकडे गेला. तेव्हा तुमच्या घरच्या आचारविचारांवर या रिपोर्टने कोणताही ठपका ठेवलेला नाही. भेळेवरची कोथिंबीर, बाहेरची चटणी, उसाच्या रसातला बर्फ, यांतलं नेमकं काय कारण ठरलं ते शोधून हाती काही लागत नाही. लागण बहुधा काही वर्षांपूर्वीच झालेली असते.

३. कोबीतला किडा डोक्यात जातो म्हणतात. कोबी कायमचा बंद करायचा का?

कोबीत दिसणारी हिरवी अळी ही फुलपाखराची किंवा पतंगाची अळी असते. तिचा या आजाराशी काही संबंध नाही. पट्टकृमीचं अंडं डोळ्यांना दिसतच नाही, एका मिलिमीटरच्या साधारण तिसाव्या भागाएवढं ते असतं. मैला मिसळलेल्या पाण्यावर वाढलेली कोणतीही पालेभाजी, गाजर, मुळा, काकडी ते वाहून आणू शकते. शिजवल्यावर अंडी मरतात. कोबीची भाजी निर्धास्त खा. जपायचं ते कच्च्या कोशिंबिरीला: वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, शक्य तिथे साल काढा.

४. घरातल्या सगळ्यांचे स्कॅन करून घ्यायचे का? एकमेकांना लागतं का?

मेंदूतल्या गाठीपासून कोणालाही लागण होत नाही. एका ताटात जेवलं, एका खोलीत झोपलं तरी नाही. बाकीच्यांना त्रास नसेल तर स्कॅनची गरज नाही.

घरात किंवा स्वयंपाक करणाऱ्यांत कोणाच्या आतड्यात पट्टकृमी असू शकतो, तेवढं पाहावं. शौचातून पांढरे, चपटे, फितीसारखे तुकडे पडतात का ते विचारा आणि शौचाची तपासणी करा. सूक्ष्मदर्शकाखाली गाईगुरांच्या पट्टकृमीची आणि डुकराच्या पट्टकृमीची अंडी सारखीच दिसतात, म्हणून अंडी सापडली तर डॉक्टर उपचार देऊन मोकळे होतात. उपचार साधे आणि स्वस्त आहेत. हे विचारताना घरकामाच्या मावशींना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका. तपासणी करायची तर सगळ्यांची करा, स्वतःसकट.

५. रक्ताच्या तपासणीत कळत नाही का? स्कॅनच कशाला?

रक्तात अँटीबॉडी शोधणारी ‘ईआयटीबी’ नावाची चांगली तपासणी आहे. अनेक जिवंत गाठी असतील तर ती फार भरवशाची असते. पण आपल्याकडे बहुतेक रुग्णांत एकच गाठ असते, तीही मरायला टेकलेली, आणि नेमकं तिथेच ही तपासणी निगेटिव्ह येण्याची शक्यता मोठी. साध्या एलायझा तपासणीवर तर त्याहून कमी विश्वास ठेवावा. म्हणून रक्ताचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी स्कॅनमधली गाठ खोटी ठरत नाही. शौचाची तपासणी मेंदूतल्या गाठीचं निदान करत नाही, ती प्र. ४ मधल्या कारणासाठी.

स्कॅनमधून गाठ आहे का, किती, कुठे, आणि ती जिवंत आहे की मेलेली हे कळतं. उपचार याच उत्तरांवर ठरतात.

६. सीटी झाला. आता एमआरआय सांगितलाय. दोन्ही का? पैसे उकळायला?

शंका येणं मी समजू शकतो. पण ही दोन यंत्रं दोन वेगळ्या गोष्टी पाहतात.

सीटी म्हणजे क्ष-किरणांनी घेतलेले मेंदूचे आडवे काप. तो काही मिनिटांत होतो, तालुक्याच्या ठिकाणीही मिळतो आणि चुन्याचा कण त्याच्या नजरेतून सुटत नाही. मेलेल्या गाठीत कालांतराने कॅल्शियम साठतं आणि सीटीवर ती मिठाच्या खड्यासारखी पांढरी चमकते. तोच ठिपका साध्या एमआरआयवर हरवू शकतो.

एमआरआय चुंबकाने चालतो, त्यात क्ष-किरण नाहीत. पाणी आणि सूज यांतला बारीक फरक तो फार चांगला दाखवतो. पिशवीच्या आतला दोन-तीन मिलिमीटरचा स्कोलेक्स, मेंदूच्या पोकळ्यांत लपलेली गाठ, कवटीच्या तळाशी किंवा लहान मेंदूजवळ असलेली गाठ, हे सगळं सीटीवर सुटू शकतं, कारण गाठीतलं पाणी आणि भोवतालचं पाणी सीटीला एकसारखंच दिसतं.

अमेरिकेतल्या संसर्गरोग आणि उष्णकटिबंधीय रोगांच्या तज्ज्ञ संघटनांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेतही एमआरआय आणि साधा सीटी दोन्ही करावेत असंच म्हटलं आहे. तरीही माझं मत सांगतो. परिस्थिती बेताची असेल, सीटीवर चित्र नमुनेदार असेल, रुग्ण फिट थांबल्यावर पूर्ण ठीक असेल, तर एमआरआय लगेच करावा की थोडं थांबून, हे न्यूरोलॉजिस्टशी मोकळेपणाने बोला. डोकेदुखी आणि उलट्या थांबत नसतील, नजर अंधुक झाली असेल, तर मात्र थांबू नका.

७. इंजेक्शन देऊन स्कॅन म्हणजे काय? आधी काय तयारी लागते?

ते कॉन्ट्रास्टचं औषध. सीटीसाठी आयोडीनयुक्त, एमआरआयसाठी गॅडोलिनियमयुक्त. गाठीभोवती दाह असेल तर हे औषध तिथे झिरपतं आणि गाठीची कडा उजळते. ‘रिंग एन्हान्सिंग लिजन’ म्हणजे असं उजळलेलं कडं.

आधी क्रिएटिनिनची, म्हणजे मूत्रपिंड नीट काम करतात का हे सांगणारी रक्ताची तपासणी मागतील. दमा, आधीच्या इंजेक्शनची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा आजार, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असणं, यांपैकी काहीही असेल तर सांगा. किती तास उपाशी राहायचं ते सेंटरवाले सांगतात. फिटची गोळी मात्र त्या दिवशीही चुकवायची नाही, घोटभर पाण्याबरोबर घ्या. उपाशी राहायचं म्हणून सकाळची गोळी टाळली आणि स्कॅनच्या टेबलावरच फिट आली, असं होतं.

एमआरआयच्या खोलीत धातू चालत नाही. मंगळसूत्र, जोडवी, नथ, केसातल्या पिना, ब्लाउजची सेफ्टी पिन, कवळी, कानाचं यंत्र, सगळं बाहेर ठेवा. जोडवी निघत नसतील तर आदल्या रात्रीच साबणाचं पाणी लावून काढून ठेवा. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानात बसवलेलं कॉक्लिअर इम्प्लांट असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा.

८. रिपोर्टमध्ये व्हेसिक्युलर, कोलॉइडल, ग्रॅन्युलर असे शब्द आहेत. कोणता चांगला, कोणता वाईट?

हे गाठीच्या वयाचे टप्पे आहेत. ‘चांगला-वाईट’ असं पाहू नका, ‘आत्ता काय चाललंय’ असं पाहा.

पहिला टप्पा व्हेसिक्युलर. अळी जिवंत आहे. पिशवीत पाण्यासारखा स्वच्छ द्रव आणि त्यात एका बाजूला स्कोलेक्सचा ठिपका. भोवती सूज जवळजवळ नाही, कारण अळीने शरीराच्या संरक्षणाला चकवलेलं असतं. या अवस्थेत ती वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकते आणि रुग्णाला काहीच त्रास नसतो.

दुसरा टप्पा कोलॉइडल. अळी मरू लागते, द्रव गढूळ होतो, शरीराला आता तिचा सुगावा लागतो. भोवती सूज येते, कडा उजळते. फिट बहुधा याच टप्प्यावर येते. लोकांना हे उलटं वाटतं, पण जिवंत अळीपेक्षा मरणारी अळी जास्त त्रास देते. औषधाबद्दलचे पुढचे निर्णय (प्र. १३) यावरच उभे आहेत.

तिसरा टप्पा ग्रॅन्युलर. पिशवी आकसून घट्ट गोळा होते, सूज उतरू लागते.

चौथा टप्पा कॅल्सिफाइड. उरतो तो चुन्याचा कण. काही गाठी या टप्प्यावर न थांबता पूर्ण विरून जातात, स्कॅनवर खूणही उरत नाही.

एकाच मेंदूत चारही टप्प्यांतल्या गाठी असू शकतात.

९. स्कोलेक्स दिसला नाही असं लिहिलंय. म्हणजे निदान चुकलं का?

नाही. पिशवीत स्कोलेक्स स्पष्ट दिसला तर निदानाबद्दल जवळजवळ वाद उरत नाही, म्हणून आम्ही तो शोधतो. पण तो दिसतो मुख्यतः पहिल्या टप्प्यात आणि दुसऱ्याच्या सुरुवातीला. रुग्ण आमच्याकडे फिट आल्यावर येतो, तोवर अळी विरघळायला लागलेली असते. मग निदान गाठीचा आकार, तिची कडा, सूज, रुग्णाची तपासणी आणि काही महिन्यांनंतरचा स्कॅन, यांच्या एकत्र विचारातून होतं. रिपोर्टच्या शेवटी ‘क्लिनिकल कोरिलेशन’ असं लिहिलेलं असतं ते यासाठीच. अनेक जण त्याला अंग झटकणं समजतात. खरं म्हणजे रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरांनी हे चित्र रुग्णाशी पडताळून पाहावं, अशी ती विनंती असते.

१०. एक डॉक्टर म्हणतात जंताची गाठ, दुसरे म्हणतात टीबीची. कोणावर विश्वास ठेवायचा?

या गोंधळाला आपल्या देशात मोठा इतिहास आहे. सीटी स्कॅन भारतात आले तेव्हा फिटच्या रुग्णांत एकच लहानशी उजळ कड असलेली गाठ वारंवार दिसू लागली. क्षयरोग घरोघरचा, म्हणून ती ट्युबरक्युलोमा म्हणजे टीबीची गाठ असं मानलं गेलं आणि अनेकांना महिनोन्‌महिने टीबीची औषधं दिली गेली. गाठी विरल्या, की औषध लागू पडलं असं वाटे. पण काही रुग्णांत औषध न देताही त्या विरत होत्या.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधले न्यूरोसर्जन डॉ. वेदांतम राजशेखर आणि डॉ. मॅथ्यू चांडी यांनी अशा गाठी काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या, तेव्हा त्यांतल्या बऱ्याचशा पट्टकृमीच्या निघाल्या. त्यावरून त्यांनी निकष मांडले आणि १९९७ साली ते पडताळून प्रसिद्ध केले. सोप्या भाषेत असे: सुरुवात फिटने झालेली, कवटीतला दाब वाढल्याची टिकून राहिलेली लक्षणं नाहीत, हातापायातली कमजोरी वाढत चाललेली नाही, अंगात दुसरा मोठा आजार नाही. सीटीवर गाठ एकच, २० मिलिमीटर किंवा त्याहून लहान, कॉन्ट्रास्टने उजळणारी, आणि सूज असली तरी मेंदूची मधली रेषा सरकलेली नाही. हे सगळं जुळलं तर गाठ पट्टकृमीची असण्याची शक्यता फार मोठी.

टीबीची गाठ बहुधा २० मिलिमीटरहून मोठी, कडा वेडीवाकडी, सूज मधली रेषा ढकलणारी. ताप, वजन घटणं, छातीच्या एक्स-रेवर डाग, अशी साथ असू शकते. एमआरआय स्पेक्ट्रोस्कोपीत, म्हणजे गाठीतली रसायनं आलेखावर दाखवणाऱ्या तपासणीत, लिपिडचा (चरबीचा) उंचवटा दिसला तर पारडं टीबीकडे झुकतं.

तरीही काही गाठी सीमेवरच राहतात. अशा वेळी रुग्णाची प्रकृती चांगली असेल तर फिटची गोळी चालू ठेवून काही आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. टीबीचे मेंदूसाठीचे उपचार वर्षभर किंवा त्याहून जास्त चालतात, यकृताला त्रास देऊ शकतात. केवळ एका फिल्मवरून ते सुरू होऊ नयेत, आणि खरा टीबी असेल तर टाळलेही जाऊ नयेत.

११. कॅन्सरची गाठ नसेल ना?

चाळिशीनंतर पहिल्यांदा फिट आली असेल तर हा प्रश्न आम्हीही मनात ठेवतो. फुप्फुस, स्तन अशा ठिकाणचा कर्करोग मेंदूत पसरला तरी उजळ कडं दिसू शकतं. मेंदूत पू झाला असेल तर एमआरआयच्या डिफ्यूजन चित्रात गाठीचा मध्यभाग झळकतो, जंताच्या गाठीत सहसा तसं होत नाही. एचआयव्ही असेल तर टॉक्सोप्लाझ्मा हा वेगळाच परजीवी अशा गाठी करतो, म्हणून एचआयव्हीची तपासणी सांगितली तर वाईट वाटून घेऊ नका. गाठ वाढत गेली किंवा कमजोरी वाढत गेली, तर निदान पुन्हा मुळापासून तपासायचं.

१२. ‘कॅल्सिफाइड ग्रॅन्युलोमा’ आहे म्हणाले, आणि जंताचं औषध दिलंच नाही. विसरले का?

विसरले नाहीत. चुन्याच्या कणात मारायला अळी उरलेलीच नसते. अल्बेंडाझोल देऊन तो कण जात नाही. फिट येत असतील तर फिटची गोळी, एवढाच उपचार. दुसऱ्याच कारणासाठी, म्हणजे पडल्यामुळे किंवा डोकेदुखीमुळे, केलेल्या सीटीत असा कण सापडला आणि फिट कधीच आली नसेल, तर बहुतेक वेळा काहीही करायचं नसतं.

१३. मेडिकलवाल्याकडून जंताची गोळी आणून दिली तर चालेल?

कृपा करून देऊ नका. प्र. ८ मध्ये सांगितलं तसं, अळी मरताना सूज वाढते. औषधाने अनेक गाठी एकदम मेल्या तर मेंदूला धोका होतो. म्हणून डॉक्टर आधी सूज आवरणारं स्टिरॉइड सुरू करतात, मग अल्बेंडाझोल हे जंताचं औषध. डोसही शाळेत मिळणाऱ्या एका गोळीचा नाही. तो वजनावर ठरतो, साधारणपणे दर किलोला दिवसाला १५ मिलिग्रॅम, दोन भागांत, एक ते दोन आठवडे. दोनहून जास्त जिवंत गाठी असतील तर प्राझिक्वांटेल हे दुसरं जंताचं औषधही जोडतात.

त्याआधी नेत्रतज्ज्ञांकडून डोळ्याचा पडदा तपासून घ्यायचा असतो. डोळ्याच्या आत अळी असेल आणि ती औषधाने तिथेच मेली, तर दृष्टी जाऊ शकते. ही पाच-दहा मिनिटांची तपासणी घाईत राहून जाते, म्हणून तुम्हीच आठवण करा.

१४. परत स्कॅन कधी?

सर्वसाधारणपणे सहा महिन्यांच्या अंतराने, गाठ विरेपर्यंत. निदानाबद्दल शंका असेल तर लवकर. मधे फिट वाढल्या, उलट्या सुरू झाल्या, तर ठरल्या तारखेची वाट पाहू नका. पाठपुरावा शक्यतो आधीच्याच प्रकारच्या स्कॅनने करा. पहिल्यांदा सीटी आणि दुसऱ्यांदा एमआरआय केला तर गाठ लहान झाली की यंत्र बदललं, हे सांगणं आम्हाला अवघड जातं.

१५. गाठ गेली. फिटची गोळी बंद करू?

स्वतःहून नाही. एकच गाठ होती, ती पूर्ण विरली आणि सहा महिने फिट आली नाही, तर डॉक्टर गोळी हळूहळू कमी करण्याचा विचार करू शकतात. गाठीच्या जागी चुन्याचा कण राहिला असेल, किंवा गोळी चालू असतानाही फिट आल्या असतील, तर जास्त काळ घ्यावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ सालची मार्गदर्शिकाही असाच भेद करते.

१६. कण मेलेला आहे म्हणता, मग पाच वर्षांनी पुन्हा फिट कशी?

चुन्याचा कण अगदीच निष्क्रिय नसतो. काही रुग्णांत त्याच्याभोवती अधूनमधून सूज येते, फिट येते आणि सूज ओसरते. ही सूज साध्या सीटीवर सहज सुटते, एमआरआयच्या फ्लेअर चित्रात पांढऱ्या वलयासारखी दिसते. म्हणून अशा वेळी फिटनंतर थोड्याच दिवसांत केलेला एमआरआय उपयोगी. याचा अर्थ नवी लागण झाली असा नाही, आणि जंताचं औषध पुन्हा घेण्याचं ते कारण नाही.

१७. सीटीत फक्त ‘पाणी वाढलंय’ असं आलं, गाठ दिसलीच नाही. पण डॉक्टर जंताचंच म्हणतात. असं होतं का?

होतं, आणि हे ओळखायला सर्वात अवघड. गाठ मेंदूच्या पोकळीत, विशेषतः चौथ्या पोकळीत बसली तर पाण्याची वाट अडते. सीटीवर फुगलेल्या पोकळ्या दिसतात, पण पाण्यातली पाण्याची पिशवी दिसत नाही. एमआरआयच्या ‘सिस’ किंवा ‘फिएस्टा’ नावाच्या बारीक कापांच्या चित्रांत तिची पातळ भिंत आणि आतला ठिपका सापडतो. मान वळवल्यावर अचानक डोकेदुखी, उलटी, भोवळ येत असेल तर ते जरूर सांगा, पोकळीत सरकणारी गाठ असं करू शकते.

कवटीच्या तळाशी द्राक्षाच्या घोसासारख्या वाढणाऱ्या गाठीही असतात. त्यांत बहुधा स्कोलेक्स नसतो आणि उपचार लांबतात. या दोन्ही प्रकारांत न्यूरोसर्जन सुरुवातीपासून सोबत हवेत. पोकळीतली गाठ शक्य असेल तिथे दुर्बिणीतून काढतात.

१८. भावाच्या एमआरआयमध्ये असंख्य गाठी आहेत. डॉक्टर म्हणतात जंताचं औषध आत्ता द्यायचं नाही. हातावर हात धरून बसायचं?

नाही, उपचार चालूच आहेत, फक्त आधी सुजेचे. गाठींनी भरलेल्या अशा चित्राला आम्ही ‘तारांकित आकाश’ म्हणतो. सगळ्या गाठींना सूज असेल आणि मेंदूतला दाब वाढला असेल, तेव्हा अळ्या मारणारं औषध जिवावर बेतू शकतं. स्टिरॉइडने दाब उतरल्यावर पुढचं ठरतं. अशा रुग्णाच्या स्नायूंत, जिभेत, कातडीखालीही गाठी असू शकतात (प्र. २१).

१९. सातवा महिना आहे आणि फिट आली. स्कॅन केला तर बाळाला धोका?

गरोदरपणाच्या उत्तरार्धात फिट आली तर आधी रक्तदाब मोजायचा आणि एक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढून येणारी फिट, नाही ना ते पाहायचं. ते तातडीचं. स्कॅन लागलाच तर इंजेक्शनशिवाय एमआरआय करता येतो, गॅडोलिनियम टाळतात. एमआरआय मिळत नसेल आणि गरज तातडीची असेल तर डोक्याचा सीटीही करता येतो. क्ष-किरणांचा झोत डोक्यावर असतो, पोटापर्यंत पोहोचणारा अंश नगण्य असतो. जंताचं औषध बहुधा बाळंतपणानंतर देतात. फिटची गोळी मात्र बाळासाठी नको म्हणून बंद करू नका. फिटमुळे बाळाला जास्त धोका आहे.

२०. मुलगा सहा वर्षांचा आहे. पुन्हा पुन्हा सीटी केलेलं चालेल?

डोक्याच्या एका सीटीत साधारण २ मिलिसीव्हर्ट किरणोत्सार मिळतो, जवळपास एका वर्षात निसर्गातून मिळतो तेवढाच. गरजेचा सीटी टाळू नये, पण पाठपुराव्यासाठी मुलांमध्ये एमआरआय बरा. अडचण एवढीच की एमआरआयमध्ये वीस-पंचवीस मिनिटं निपचित पडावं लागतं आणि आवाज मोठा असतो, म्हणून लहान मुलांना झोपेचं औषध द्यावं लागू शकतं. आईने किंवा बाबांनी शेजारी बसून पाय धरले, घरीच आधी ‘ठकठक’ आवाजाचा खेळ खेळून तयारी केली, तर सहा-सात वर्षांची मुलं औषधाशिवायही स्थिर राहतात, हे मी पाहिलंय.

२१. वडिलांच्या मांडीच्या एक्स-रेत तांदळाच्या दाण्यांसारखं काहीतरी दिसलं. त्याचा याच्याशी संबंध आहे?

असू शकतो. स्नायूत मेलेल्या अळ्या चुना साठून लांबट दाण्यांसारख्या दिसतात, स्नायूच्या धाग्यांच्या दिशेने रांगेत. सीटी यायच्या कितीतरी आधी या आजाराचं छायाचित्र हेच होतं. भारतात नोकरी करून परतलेल्या ब्रिटिश सैनिकांना अपस्मार का होतो, याचा छडा १९३० च्या दशकात लष्करी डॉक्टर मॅकआर्थर यांनी लावला तेव्हा असे एक्स-रे मोठा पुरावा होते. १९६१ साली डिक्सन आणि लिप्स्कम यांनी अशा ४५० रुग्णांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. लागण आणि पहिली फिट यांत कित्येक वर्षं जाऊ शकतात हे त्यातून ठळक झालं.

वडिलांना फिट, डोकेदुखी असेल तर मेंदूचा स्कॅन करावा. काहीच त्रास नसेल तर एकदा फिजिशियनना दाखवून ठेवा. स्नायूतली किंवा पापणीतली ताजी गाठ असेल तर सोनोग्राफीत पिशवी आणि आतला ठिपका छान दिसतो, खर्च कमी, किरण नाहीत. तपासणीसाठी गाठीत सुई घालण्याआधी सोनोग्राफी करावी.

२२. दोन सेंटरचे रिपोर्ट वेगळे आले. फिल्मचा फोटो पाठवू का?

फिल्मच्या फोटोवरून मी मत देत नाही, त्यामागे माणुसकी कमी असल्याचं कारण नाही. मोबाइलने काढलेल्या फोटोत तीन मिलिमीटरचा स्कोलेक्स आणि खिडकीच्या काचेचं प्रतिबिंब सारखंच दिसतं. स्कॅन झाल्यावर सेंटरकडून सीडी किंवा डिजिटल प्रत मागून घ्या. तीत शेकडो काप असतात, फिल्मवर त्यातले निवडकच छापतात. आधीचा प्रत्येक स्कॅन, तारखेसह, एका पिशवीत जपून ठेवा. दोन रिपोर्टांमधला फरक बऱ्याचदा दोन डॉक्टरांच्या मतांचा नसून दोन तारखांचा असतो: मार्चमध्ये कडं होतं, ऑगस्टमध्ये गोळा झाला. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली की उलगडा होतो.